पेंडिंग, पण कशासाठी?

वडिलांच्या पश्चात शेताच्या उताऱ्यावर आम्हा भावंडांचा वारसा लावून घेण्यासाठी मी गेले सात महिने बेळगावातील एका सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आहे, आणि प्रत्येक खेपेला खिडकीपलीकडून, मान वर न करता, एकच उत्तर मिळते : ‘पेंडिंग ऐत्री’, म्हणजे पेंडिंग आहे. मराठीत विचारले तरी तेच, मोडक्या कन्नडमध्ये विचारले तरी तेच. आता तो शब्द कानावर पडला तरी मस्तकात तिडीक जाते.

मुळात हे उत्तरच नव्हे. लॅटिनमध्ये ‘पेंडेरे’ म्हणजे लटकणे. त्यावरून फ्रेंच ‘पांदां’, म्हणजे दरम्यान, आणि त्याच्या वळणावर सतराव्या शतकात इंग्रजीने ‘पेंडिंग’ घडवला. ‘पेंडिंग इन्क्वायरी’ म्हणजे चौकशी पूर्ण होईपर्यंत. काम कशासाठी थांबले आहे, ते त्या शब्दापाठोपाठ सांगावेच लागते. आमच्या कार्यालयांनी नेमका तोच भाग छाटून टाकला आणि उरलेले अर्धे वाक्य लोकांच्या तोंडावर फेकायला सुरुवात केली. आपला ‘प्रलंबित’ही लोंबणे या अर्थाच्या ‘लंब्’ धातूचाच. विलंब, अवलंबून, घड्याळाचा लंबक हे सारे त्याचेच भाऊबंद. पण लोंबणाऱ्या वस्तूला खुंटी तरी असते. माझा अर्ज कोणत्या खुंटीला टांगला आहे, हे सांगायला कुणाची जीभ का रेटत नाही?

सीमाभागातल्या माणसाला या शब्दाचा जाच नवा नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा पेंडिंग आहे, हे ऐकत ऐकत आमच्या गल्लीतली पोरे संसाराला लागली. तिथे निदान न्यायालय कोणते आणि वाद कशाचा, हे तरी ठाऊक आहे. इथे तेवढेही कळत नाही, आणि उताऱ्यावर नाव नाही म्हणून सोसायटीने यंदा पीककर्ज नाकारले ते वेगळेच; बियाण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या.

मागच्या मंगळवारी लेखी उत्तर मागितले, तर माझ्याच पोचपावतीच्या पाठीवर लाल शाईने ‘पेंडिंग’ एवढेच खरडून मिळाले. त्याखाली मी मराठीत, आणि शेजाऱ्यांकडून कन्नडमध्येही, तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत : कशासाठी, कुणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेपर्यंत? सोमवारी तो कागद घेऊन मी जाणार आहे, आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरे सही-शिक्क्यानिशी हातात पडल्याशिवाय त्या खिडकीसमोरून हलणार नाही.