समुद्रातल्या पवनचक्क्या आणि "तिथे कायदाच नाही"वाला मेसेज

तो मेसेज परत फिरतोय, की किनाऱ्यापासून 12 नॉटिकल मैलांच्या पुढे गेलं की कुठल्याच देशाचा सेफ्टी कायदा लागू होत नाही आणि पवनचक्कीवरचा टेक्निशियन पडला तर फक्त जहाजाच्या झेंड्याचा देश (म्हणजे जहाज जिथे नोंदलंय तो) बघतो. ब्रिटनच्या नावाने फिरतोय म्हणून ब्रिटनचंच सांगतो, हे चूक आहे.

तिथला 1974 चा आरोग्य आणि सुरक्षा कायदा 2013 च्या आदेशाने किनाऱ्याबाहेरही लावलाय आणि त्यात 12 मैलांपलीकडच्या रिन्यूएबल एनर्जी झोनमधल्या (समुद्रातल्या वारा-लाटांच्या विजेसाठी ब्रिटनने आखलेला पट्टा) पवनचक्क्यापण येतात. म्हणजे टॉवरवर चढणं, नॅसेलमधलं (टॉवरच्या टोकावरची यंत्रांची पेटी) काम, तिथली लिफ्ट, वीज हे सगळं एचएसईकडे (ब्रिटनचं कामाच्या जागची सुरक्षा बघणारं खातं), झेंडा कुठलाही असो.

मेसेजमध्ये थोडं खरं आहे ते जहाजाबद्दल. बोट चालवणं, क्रूची ड्युटी, बोटीचं सर्टिफिकेट हे एमसीएकडे (ब्रिटनचं जहाजं आणि किनारा-सुरक्षा बघणारं खातं) जातं आणि परदेशी झेंडा असेल तर त्या देशाचे नियमही येतात. खरा गोंधळ बोटीवरून शिडीवर पाऊल टाकतानाचा, कारण एक पाय एका खात्यात, दुसरा दुसऱ्यात, म्हणून तर या दोन्ही खात्यांनी आणि जहाजांचे अपघात तपासणाऱ्या एमएआयबीने आपसात करार करून ठेवलाय की कुठे कोण पुढे होणार.

आणि "टेक्निशियन म्हणजे साधा पॅसेंजर" हेही अर्धवट, 12 पेक्षा जास्त असे कामगार नेणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आयएमओचा (संयुक्त राष्ट्रांची जहाजवाहतूक संघटना) वेगळा कोड 1 जुलै 2024 पासून लागू आहे.

तेलाच्या प्लॅटफॉर्मचे सेफ्टी केसचे (मोठे धोके कसे आवरणार ते आधी लेखी दाखवून मान्य करून घेण्याचे) नियम मात्र पवनचक्कीला लागत नाहीत, ते मिक्स करू नका.