अरबीत ९५ मार्क, पण पाणी मागता येईना

मुंबईतल्या आपल्या इस्लामी इंग्रजी शाळांपैकी कुठल्याही शाळेचं माहितीपत्रक उघडा. एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, आणि ठळक अक्षरात 'सेकंड लँग्वेज: अरबी'. फीसुद्धा त्याच थाटाची. आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठी आणि आमची बोली, लेक अशाच एका शाळेत सातवीला. पैसे मोजतेय म्हणून स्पष्ट बोलते: या शाळा अरबी भाषा शिकवत नाहीत, अरबीचा पेपर शिकवतात.

भांडणं सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकते, मकतबमध्ये, म्हणजे मशिदीजवळच्या पोरांच्या धर्मशाळेत, नाज़रा (कुराण बघून वाचणं) शिकवतात त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आधी नूरानी कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक: अलिफ ज़बर अ, अलिफ ज़ेर इ. मग कुराणाचा एकेक पारा, म्हणजे भाग. तिथे तिलावत (कुराणपठण) शुद्ध व्हावी एवढाच हेतू असतो आणि तो साधतो. एवढीएवढीशी पोरं घशातून 'ऐन' या अक्षराचा उच्चार असा काढतात की ऐकत राहावं. ज्याला अख्खं अथर्वशीर्ष पाठ आहे त्याला आपण कुठे म्हणतो, चल, आता संस्कृतात गप्पा मार? पण वेळापत्रकात तासिका 'भाषा' म्हणून लावल्या, की मग भाषा आली की नाही हे विचारणारच.

लेकीची वही बघा. पानाच्या उजव्या कडेपासून 'हाज़ा किताबुन' ओळीने लिहिलेलं, शेजारी उर्दूत अर्थ, आणि खाली पेन्सिलीने तिने स्वतःसाठी इंग्रजीत केलेली खूण. कारण वर्गातल्या निम्म्या पोरांना उर्दू वाचता येत नाही! म्हणजे अरबी समजायला आधी उर्दू समजायला हवी. शिकवणारे मौलाना सज्जन आहेत, तळमळीने शिकवतात. पण ते शिकून आलेत दर्से निज़ामी. १८व्या शतकात लखनौच्या फिरंगी महलात मुल्ला निज़ामुद्दीन यांनी बसवलेला हा मदरशांचा अभ्यासक्रम. त्यातून अवघड ग्रंथ वाचणारे आलिम (धर्मपंडित) घडायचे होते आणि तसे ते घडलेही. म्हणून तिथे आधी सर्फ (शब्दांची रूपं), मग नह्व (वाक्यरचना). बोलणं हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. तीच पद्धत मौलाना मुंबईतल्या बारा वर्षांच्या पोरींना लावतात. फ़अल, फ़अला, फ़अलू, अशी एका धातूची चौदा रूपं घोकायची. आठवीत आपण देवः देवौ देवाः घोकलं, मार्क घेतले आणि दहावीनंतर विसरलो, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे अरबीतही द्विवचन आहे. संस्कृत घेतलेल्या पोराला ते मराठीतून मिनिटात कळेल. वर्गात मात्र 'तस्निया' या द्विवचनाच्या अरबी नावावरच गाडी अडते.

परवा माझा मामू आला होता. कुवेतला आयुष्यभर ड्रायव्हरकी केली, शाळा चौथीपर्यंत. लेकीला म्हणाला, "श्लोनिच?" ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मी सांगितलं, अगं, तुझ्या पुस्तकातलं 'कैफ हालुकि' म्हणजे तेच, 'कशी आहेस?' त्यावरही उत्तर येईना, कारण हे वाक्य तिने फक्त रिकाम्या जागेत भरलेलं. पाणी माग म्हटलं तर वही आणायला पळाली. मामूला अरबी वर्तमानपत्रातली ओळ वाचता येत नाही, हिला बोलता येत नाही. शाळेने कुवेती बोली शिकवावी असं मी म्हणत नाही. शिकवायची ती फुस्हाच, म्हणजे प्रमाण अरबी, बातम्यांची आणि पुस्तकांची. १९७३ साली युनोने अरबीला आपल्या अधिकृत भाषांत घेतलं, तिथेही हीच चालते. पण फुस्हासुद्धा तोंडानेच बोलतात ना?

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नका. केरळात सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं अरबी शिकवतात. तिथल्या राज्य शालेय कलोत्सवात अरबीचा वेगळा विभाग असतो, पोरं स्टेजवर उभी राहून अरबीत बोलतात. 'मदिना बुक्स' म्हणून जी पुस्तकं जगभर वापरतात, ती लिहिणारे डॉ. व्ही. अब्दुर रहीम आपल्या तामिळनाडूतल्या वाणियंबाडीचे. त्यांच्या धड्यांत आधी छोटा संवाद येतो आणि व्याकरण त्यातूनच उलगडत जातं. इथे मुंबईत तर सराव करायला माणसंसुद्धा आहेत. पावसाळ्यात कुलाब्याला अरब पाहुणे येतात, मोठ्या हॉस्पिटलांत ओमान-येमेनचे पेशंट येतात, त्यांना दुभाषे लागतात. माझ्या लेकीने दुभाषीच व्हावं असं नाही (तिला सध्या क्रिकेटर व्हायचंय), पण वर्गात "दार लाव" एवढं तरी अरबीत म्हणायला काय हरकत आहे?

पालकसभेत विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, पोर्शन संपवायचा असतो." अहो, सातवीला कुठलं बोर्ड आलंय! तोंडी परीक्षेला शंभरातले वीस मार्क द्या, आणि मुलांना जी भाषा समजते तिच्यातून समजावा, मराठी असो की इंग्रजी. एवढ्या दोन मागण्या लिहून अर्ज केलाय, आमच्या वर्गातल्या बऱ्याच आयांनी सह्याही केल्यात. बाबा लोक अजून "बघू" म्हणतायत.

तुमच्या मुलांच्या शाळेत अरबीची तोंडी परीक्षा होत असेल तर त्यात काय विचारतात तेवढं कळवा. प्रश्नांचा नमुना अर्जाला जोडायचाय.