“जंगलातल्या गावांचे लाड बंद करा” वाल्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

पंधरा दिवसात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. शाळेच्या, सोसायटीच्या, बर्डिंगच्या आणि कमाल म्हणजे सासुरवाडीच्या पण. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर वाघाचा फोटो, खाली पाच मुद्दे: एक, गाववालेच शिकारी, त्यांच्या हातात जंगल देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. दोन, टुरिझममुळे ताडोबाच्या आसपासचे सगळे लखपती झालेत तरी रडगाणं चालूच. तीन, गावं होती म्हणून वाघ संपले, गावं उठवली की वाघ आपोआप येतात. चार, वाघाने माणूस मारला तर चूक माणसाची, जंगलात गेलाच कशाला. पाच, परदेशात असं चालत नाही. आणि शेवटी हात जोडलेले, दहा ग्रुपवर पाठवा.

मी चंद्रपूरचा, सध्या पोटापाण्यासाठी पुण्यात. शाळेतला एक दोस्त ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे गाईड आहे, त्याच्या घरी जाणंयेणं आहे, त्यामुळे गप्प बसवलं नाही. मुद्दे घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, काहींची तेवढी लायकी नाही.

“गाववालेच शिकारी”

काही ठिकाणी खरं आहे की, नाही कोण म्हणतं. रानडुकरासाठी तारेत करंट सोडतात आणि त्यात वाघ मरतो, हे आमच्या जिल्ह्यात झालंय, अनेकदा झालंय. पण त्याच्यावर उपाय काय हा प्रश्न आहे ना, आणि त्याचं उत्तर केरळात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच मिळालंय. पेरियारचं जंगल, थेक्कडी, बरेच जण केरळ टूरमध्ये तिथे बोटीत बसून आलेत. तिथे वयना नावाचं झाड असतं, दालचिनीच्या जातीचं, त्याची साल चोरून विकणारी एक टोळी होती, 23 जण, केसेस अंगावर, अर्धं आयुष्य जंगलात लपण्यात गेलेलं. 1996 ला तिथे इको-डेव्हलपमेंटचा प्रकल्प सुरू झाला, आणि वनखात्यातल्या कुणाला तरी सुचलं की यांना पकडत बसण्यापेक्षा यांनाच कामाला लावू. त्यांची समिती केली, त्यांनी टुरिस्टांना पायी जंगलात नेणारा टायगर ट्रेल सुरू केला. ट्रेकच्या पैशात त्यांचं घर चालतं आणि ट्रेक करता करता गस्त होते. चोरवाटा कुठल्या, रात्री मुक्काम कुठे टाकतात, माल कुठे लपवतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार, वर्दीवाल्याला? तिथल्याच बायकांची वसंतसेना आहे, 2002 पासून रोज काही जणी पाळीपाळीने जंगलात गस्तीला जातात, पगार नाही काही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने मांजर आणि दूध म्हटलंय, तर हे मांजर गेली कित्येक वर्षं दूध राखून राहिलंय भाऊ.

आणि आपल्याकडे 2012-13 च्या आसपास मेळघाटपासून पुढे वाघ मारणाऱ्या ज्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्या बाहेरून आलेल्या होत्या. त्यांना वाट दाखवणारा एखादा गावातला असतो, कबूल. पण गावात अनोळखी माणसं तळ ठोकून बसलीत ही खबर देणाराही गावातलाच असतो. तो खबर देईल की गप्प बसेल हे त्या जंगलातून त्याला काय मिळतं यावरच ठरतं, उपदेशावर नाही.

“सगळे लखपती झालेत”

हा मुद्दा वाचून दोस्त एवढा हसला की चहा सांडला. म्हणे मला सांग कोण झालाय, उसने घ्यायला जातो.

आता हिशोब कसा असतो ते बघा. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला राखीव गाभा, 625 चौरस किलोमीटरचा, त्याभोवती 2010 ला बफर, म्हणजे गावं आणि जंगल एकत्र असलेला पट्टा, जाहीर झाला, साधारण 1100 चौरस किलोमीटर, आणि त्यात 70 च्या वर गावं. टुरिस्ट मात्र येतो तो मोजक्या गेटांवर. मोहर्ली, कोलारा, आगरझरी, देवाडा, अशा गेटाजवळ ज्याचं गाव त्याला काहीतरी मिळतं, दहा-बारा किलोमीटर आत जे गाव आहे त्याला वाघ मिळतो, टुरिस्ट नाही. गेटावर पण गाईडचा नंबर रोटेशनने लागतो, रोज नाही. मंगळवारी पार्क बंद, पावसाळ्यात कोअर बंद. जिप्सी घेतलेल्यांचे हप्ते मात्र बाराही महिने चालू. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, ऐन सीझन, उन्हाळा म्हणजे पाणवठ्यावर हमखास सायटिंग, सगळं बुकिंग गेलं, आणि ज्यांनी शेती सोडून गाडी घेतली होती ते घरी बसून नुसते हप्ते मोजत होते.

मग मोठा पैसा जातो कुठे? रिसॉर्टकडे. एका रात्रीचे वीस-पंचवीस हजार घेणारा रिसॉर्ट ज्या जमिनीवर उभा असतो ती बहुतेक वेळा कोणत्या तरी गाववाल्यानेच विकलेली असते, मुलीच्या लग्नासाठी नाहीतर कर्जापायी, आणि मग त्याच आवारात त्याचा पोरगा झाडलोट करायला नाहीतर गेटावर सलाम ठोकायला. मॅनेजर बाहेरचा, शेफ बाहेरचा, भाजी पण नागपूरहून. मी स्वतः एका रिसॉर्टमध्ये “लोकल ट्रायबल थाळी” खाल्ली आहे, त्यात पनीर होतं. काय बोलायचं.

पण म्हणून टुरिझमच नको असं मी म्हणत नाहीये, उलट आहे. बफरमधल्या गेटांवर जिथे समिती गावाची आहे, जिथे गाईड, ड्रायव्हर गावातले आहेत आणि प्रवेश शुल्कातला हिस्सा गावच्या समितीकडे येतो, तिथे फरक दिसतो. आता बायकाही गाईड झाल्यात, आणि त्यातल्या काही जणी झाडावरच्या ओरखड्यावरून जे सांगतात ते ऐकत बसावं. दोस्ताच्या गावात गॅस आल्यावर बायकांचं सरपणाला जाणं कमी झालं, आणि सरपण कमी म्हणजे वाघाशी पहाटेची गाठ कमी, इतकं सरळ आहे. समितीच्या पैशावर भांडणं होतात का? होतात. सरपंच आपल्या भाच्याला गाईड करतो का? करतो. तुमच्या सोसायटीत मेंटेनन्सवरून होत नाहीत का?

“गावं उठवली की वाघ येतात”

यात अर्धं खरं आहे. ताडोबाच्या कोअरमध्ये सहा गावं होती, बोटेझरी, नवेगाव, जामनी, पळसगाव अशी एकेक उठली, आणि नवेगाव-जामनीच्या जुन्या शेतांवर गवत वाढलं, चितळ आले, मागोमाग वाघ. आज लोक जिथे कॅमेरे रोखून बसतात ते कोणाचं तरी धानाचं शेत होतं. कायद्याने हे स्थलांतर स्वेच्छेने व्हायला पाहिजे, 2008 पासून कुटुंबामागे 10 लाख आणि नंतर 15 लाख. स्वेच्छा किती होती हे त्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मी सांगत नाही.

पण “आपोआप” हा शब्द? कुनो बघा. मध्य प्रदेशातलं हे जंगल, तिथे गुजरातमधले सिंह आणायचे म्हणून 24 गावं उठवली. गुजरातने सिंह दिलेच नाहीत, 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगूनही नाही. गावं गेली ती गेलीच. उलटं उदाहरण आमच्या शेजारचंच आहे, ब्रह्मपुरी वनविभाग. व्याघ्रप्रकल्प नाही, गावंच गावं, धानाची शेतं, आणि वाघ एवढे की सांभाळता सांभाळता वनखात्याच्या नाकी नऊ. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळाले, तिथले वाघ काही संपले नाहीत. वाघ कशाने संपतो म्हणाल तर राजस्थानातल्या सरिस्काला विचारा. नॅशनल पार्कचा बोर्ड होता, हॉटेलं होती, टुरिस्ट होते, आणि 2005 पर्यंत शिकाऱ्यांनी एक वाघ ठेवला नाही.

आणि ताडोबा हे नाव कुठून आलं ते तरी माहीत आहे का? तारू नावाच्या गोंड गावप्रमुखावरून, जो वाघाशी लढताना गेला अशी कथा आहे. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरायची. नाव त्याचं, आणि त्याच्याच लोकांना म्हणायचं तुम्ही मध्ये आलात.

“जंगलात गेलाच कशाला”

याचा राग सगळ्यात जास्त आला. कारण मोह एप्रिलमध्ये पडतो आणि पहाटे पडतो, म्हणून गेला. उजाडायच्या आत नाही गेलं तर हरणं-रानडुकरं खाऊन जातात. वाकून वेचावा लागतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता, त्या पंधरावीस दिवसात जे पुडे बांधून फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, जातात त्यावर पावसाळ्यातलं बी-बियाणं येतं. हा चोरटेपणा नाही, 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज गोळा करणं हा हक्क आहे. 2025 च्या मे मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्या काय सेल्फी काढायला गेल्या होत्या?

नोव्हेंबर 2021 ला ताडोबाच्या कोअरमध्ये एक महिला वनरक्षक गेली. वर्दीत, ड्युटीवर, व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधत पायी फिरत असताना वाघिणीने ओढून नेली. तिला पण विचारणार का, गेलीच कशाला?

आता भरपाई 25 लाख आहे, त्यातला बराच भाग फिक्स डिपॉझिटमध्ये. “मग मजाच आहे” अशी एक कॉमेंट त्या मेसेजखाली होती. त्या माणसाने एकदा ऑक्टोबरात धानाच्या जागलीला मचाणावर रात्र काढावी, एक बॅटरी आणि एक डबा वाजवायला. बाकी मी काही बोलत नाही.

“परदेशात असं चालत नाही”

17 सप्टेंबर 2022 ला कुनोत जे 8 चित्ते सोडले आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, ते नामिबियातून आले. नामिबियात बहुतांश चित्ते राखीव जंगलाच्या बाहेर राहतात, माणसांच्या शेताकुरणात. 1996 च्या कायद्याने तिथल्या गावकऱ्यांना आपल्या भागातल्या प्राण्यांवर आणि त्यातून येणाऱ्या टुरिझमच्या कमाईवर हक्क दिला, 1998 ला अशा पहिल्या चार कन्झर्व्हन्सी, म्हणजे गावकऱ्यांनी सांभाळायची क्षेत्रं, झाल्या, आज 86 आहेत आणि त्यांच्याखाली देशाची जवळपास 20 टक्के जमीन येते. लॉजवाल्याला गावाशी करार करावा लागतो. त्यांच्याकडे ट्रॉफी हंटिंगचा, म्हणजे पैसे मोजून केलेल्या हौशी शिकारीचाही पैसा आहे, ते आपल्याला पचणारं नाही, आपल्या कायद्यात बसतही नाही, ते सोडून देऊ. पण परदेशात चालत नाही म्हणता, आणि चित्ते आणता कुठून?

दोस्ताला हा सगळा मजकूर पाठवला तपासायला. त्याने दोन गावांची नावं दुरुस्त केली आणि लिहिलं, बरं झालं, पण उद्या माझा नंबर आहे, सकाळची ट्रिप, पुण्याचीच पार्टी आहे, त्यांनी तो मेसेज वाचला असला तर काय करू? मी म्हटलं, आधी वाघ दाखव, मग पळसगावचं शेत दाखव.