नवी डिस्क जोडावी की असलेलीच वाढवावी? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

लिनक्स व्हर्च्युअल मशीनची (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकाची) असलेलीच डिस्क वाढवावी, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण महापे येथून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा, की चालू सर्व्हरचे पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) हलवणे हा जुगार आहे; त्यापेक्षा दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडून ती व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे अनेक डिस्कांची जागा एकत्र करणाऱ्या साठ्यात, घालावी. औद्योगिक पट्ट्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने माझा मार्ग अधिकच धोक्याचा आहे, असे आपण म्हणता. सुरुवातीलाच ५०० जीबी देऊन टाकावेत म्हणजे हा खटाटोपच नको, अशीही आपली सूचना आहे. हे मुद्दे अनुभवातून आलेले आहेत हे दिसते, तरीही मला ते पटलेले नाहीत.

मुळात या प्रक्रियेत पार्टिशन हलत नाही. हायपरव्हायजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डिस्क ४० जीबीची ८० जीबी केली की वाढीव जागा तिच्या शेवटी येते आणि ग्रोपार्ट ही आज्ञा पार्टिशन टेबलमधील (कोणते पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे या यादीतील) शेवटच्या सेक्टरची, म्हणजे डिस्कवरील शेवटच्या छोट्या कप्प्याची, नोंद तेवढी पुढे नेते. सुरुवातीचा सेक्टर जागचा हलत नाही आणि साठवलेल्या माहितीला हातही लागत नाही. एफडिस्क या पार्टिशन आखणाऱ्या आज्ञेने पार्टिशन पुसून पुन्हा तयार करण्याची जुनी रीत आपल्या डोळ्यांसमोर असेल, तर भीती रास्त आहे. जुन्या डिस्कवर पहिले पार्टिशन बहुधा ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे, नवे एफडिस्क २०४८ हा आकडा सुचवते, आणि नुसते एंटर दाबत जाणाऱ्याच्या पार्टिशनची सुरुवातच बदलून त्याचा घात नेमका तिथे होतो.

आता विजेचा मुद्दा. मी ज्या कार्यालयाचे सर्व्हर पाहतो ते ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे, त्यामुळे ही चिंता मला परकी नाही. पण आपला मार्ग घेतला तरी व्हॉल्यूम ग्रुपची माहिती बदलावी लागते, लॉजिकल व्हॉल्यूम (त्या साठ्यातून कापून दिलेला भाग) वाढवावा लागतो आणि त्यावरील एक्स्ट-फोर किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिमही (फाइली मांडून ठेवणारी रचनाही) चालू स्थितीतच वाढवावी लागते. दोन्ही मार्गांत फरक उरतो तो पार्टिशन टेबल लिहिण्याच्या एका पायरीचा, जी क्षणात पूर्ण होते. त्या क्षणाचीही धास्ती वाटत असेल, तर एसएफडिस्क या आज्ञेच्या डम्प पर्यायाने टेबलची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. एलव्हीएम, म्हणजे हे व्हॉल्यूम सांभाळणारी लिनक्समधील व्यवस्था, स्वतःच्या नोंदींच्या जुन्या प्रती ईटीसी निर्देशिकेत आपणहून जपून ठेवते, पण रूट, म्हणजे खुद्द लिनक्स जिथे असते ती मुख्य फाइलसिस्टिमच उघडेना तर त्या कामी येत नाहीत, म्हणून त्यांचीही प्रत बाहेर असलेली बरी. संपूर्ण बॅकअप तर दोन्ही मार्गांत हवाच, आणि स्नॅपशॉटला (मशीनच्या एका क्षणाच्या जपलेल्या स्थितीला) बॅकअप समजू नये.

डिस्कमागून डिस्क जोडण्याची सवय प्रत्यक्ष सर्व्हरच्या काळातली आहे. लोखंडी पेटीतली डिस्क फुगवता येत नव्हती, म्हणून दुसरी बसवावी लागे. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती अडचण नाही, मग तिचे दुष्परिणाम कशाला ओढवून घ्यायचे? एकच लॉजिकल व्हॉल्यूम तीन डिस्कांवर पसरला की त्यांपैकी कोणतीही एक निसटल्यास तो व्हॉल्यूम नीट उघडत नाही, आणि रूट त्यावर असेल तर मशीन सुरूच होत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मशीनला चार डिस्का होत्या आणि बॅकअपच्या कामात त्यांतल्या पहिल्या दोनच निवडलेल्या होत्या. असा बॅकअप असून नसल्यासारखा.

काही ठिकाणी मात्र आपलाच मार्ग योग्य आहे. रूटच्या लगेच पुढे स्वॅपचे (मेमरी कमी पडल्यास वापरायच्या जागेचे) पार्टिशन असेल, तर ग्रोपार्टला पुढे सरकायला जागा नसते. एमबीआर या जुन्या प्रकारचे पार्टिशन टेबल आणि ५१२ बाइटचे सेक्टर असतील, तर २ टीबीपलीकडील जागा वापरता येत नाही.

एकदम ५०० जीबी देण्याविषयी म्हणाल, तर वाढवणे सोपे आणि कमी करणे अवघड, हा या व्यवहाराचा स्वभाव आहे. एक्स्ट-फोर लहान करायची तर ती अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी लागते. एक्सएफएस व्यवहारात लहान होतच नाही. थिन प्रोव्हिजनिंगमुळे (जागा कागदोपत्री देऊन प्रत्यक्षात वापरेल तेवढीच व्यापण्याच्या पद्धतीमुळे) न वापरलेली जागा खर्ची पडत नाही हे खरे, पण प्रत्येक मशीनला असे सढळ आश्वासन दिले आणि खालची साठवण खरोखरच भरली, तर त्यावरील अनेक मशीन एकाच वेळी थबकतात. म्हणून मी गरजेपुरते देतो आणि लागेल तसे वाढवतो.

आपल्या सध्याच्या तीन डिस्का एकत्र करायच्या असतील, तर त्यासाठी मशीन बंद करावे लागत नाही. पुरेशी मोठी डिस्क जोडून ती व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घ्यावी, पीव्हीमूव्ह या एलव्हीएमच्या आज्ञेने एकेका जुन्या डिस्कवरील माहिती तिच्यावर आणावी आणि रिकामी झालेली डिस्क व्हीजीरिड्यूस व पीव्हीरिमूव्ह या आज्ञांनी वेगळी करावी. बूट पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) पहिल्या डिस्कवर असेल, तर ती डिस्क मात्र काढू नये. तिलाच वाढवून बाकीच्या दोन तिच्यात रिकाम्या कराव्यात. पीव्हीमूव्ह संथ असते आणि डिस्कवर ताण आणते, म्हणून ते रात्री लावावे. शेवटी हायपरव्हायजरमधून डिस्क काढताना लिनक्स डिस्कांना देते त्या केवळ एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नये, कारण ती रीबूटनंतर बदलू शकतात. एलएसबीएलके या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत दिसणारा आकार आणि स्कझी पत्ता (डिस्क कोणत्या जोडणीवर आहे तो क्रमांक) जुळवून पाहावा आणि मगच ती काढावी.