ओकलंडच्या 2002च्या हंगामाच्या गोष्टीतून वगळले गेलेले खेळाडू

बेसबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या मराठी वाचकालाही या खेळातली एक गोष्ट बहुधा ठाऊक असते. व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत आणि यशाचे मंत्र सांगणाऱ्या लेखांत ती वारंवार येते. 2002च्या हंगामाआधी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या तुटपुंज्या पैशांवर चालणाऱ्या संघाने आपले मोठे खेळाडू गमावले. मग महाव्यवस्थापक बिली बीन यांनी जुन्या जाणकारांचे मत झुगारून, निव्वळ आकडेमोडीच्या आधारे, कोणालाच नको असलेले खेळाडू स्वस्तात गोळा केले. आणि या टाकाऊ ठरवल्या गेलेल्या खेळाडूंनी सलग 20 सामने जिंकून दाखवले. या हंगामावर पुस्तक निघाले, चित्रपट आला, आणि गोष्टीला जवळजवळ इतिहासाचा दर्जा मिळाला.

या कथेतला काही भाग खरा आहे आणि तो आधीच मान्य केला पाहिजे. ओकलंडचा त्या वर्षीचा खेळाडूंवरचा खर्च सुमारे 4 कोटी डॉलर होता, तर न्यूयॉर्क यांकीजचा सुमारे साडेबारा कोटी. आणि तरीही दोन्ही संघांनी नियमित हंगामात प्रत्येकी 103 सामने जिंकले. ऑगस्ट 13 ते सप्टेंबर 4 या काळातले सलग 20 विजयही खरे आहेत. अमेरिकन लीगमधला, म्हणजे मुख्य बेसबॉलच्या दोन लीगपैकी एकीतला, हा विक्रम 2017 साली क्लीव्हलँडने मोडेपर्यंत टिकला. माझा आक्षेप या यशाच्या कारणांबद्दल आहे, कारण कथेत जी कारणे दिली जातात त्यांतून संघाचे सर्वांत मोठे पाच खेळाडू जवळजवळ पुसले गेले आहेत.

मुख्य दावा असा की संघ नाकारलेल्या खेळाडूंच्या बळावर जिंकला. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा उतरतो आणि त्या दिवशीच्या सामन्याचे पारडे बहुतेक त्याच्याच हाती असते. ओकलंडकडे असे तीन पिचर होते. बॅरी झिटोने 23 सामने जिंकले आणि केवळ 5 हरले, आणि त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्कृष्ट पिचरचा मान, त्यालाच मिळाला. मार्क मल्डरच्या नावावर 19 विजय होते, टिम हडसनच्या नावावर 15. तिघांचे मिळून 57 विजय होतात, म्हणजे 103 पैकी निम्म्याहून अधिक. क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळता संघाने दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी 3.68 धावा दिल्या आणि हे प्रमाण त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी होते. या तिघांना कोणीही नाकारलेले नव्हते. मल्डरला 1998च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतले होते, झिटोला 1999 मध्ये नवव्या क्रमांकावर. हडसन मात्र 1997 मध्ये सहाव्या फेरीपर्यंत थांबून मिळाला, आणि ज्याने त्याला हेरले त्या माणसाच्या नजरेचे कौतुक या कथेत कधीच येत नाही.

फलंदाजीचीही हीच तऱ्हा आहे. मिगेल तेहादा हा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावाचा मुलगा, शॉर्टस्टॉपच्या जागी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, क्षेत्ररक्षण करणारा (बेस म्हणजे धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायचे टप्पे). 1993 साली अगदी किरकोळ रकमेवर ओकलंडने त्याला करारबद्ध केले आणि वर्षानुवर्षे दुय्यम संघांतून घडवत वर आणले. 2002 मध्ये तो 162 पैकी 162 सामने खेळला, 34 होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारल्या, आपल्या फटक्यांवर 131 धावा करवून दिल्या आणि अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. एरिक चावेझ हा 1996चा पहिल्या फेरीतला ड्राफ्ट. त्यानेही 34 होमरन मारल्या आणि तिसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवला. लीगचा सर्वोत्कृष्ट पिचर आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू, दोघेही एकाच संघात असताना त्या संघाला टाकाऊंचा संघ म्हणणे हा त्या खेळाडूंवर अन्याय आहे, आणि मला तो विशेषतः तेहादाच्या बाबतीत सलतो, कारण गरिबीतून वर आलेल्या या खेळाडूची गोष्ट सांगणाऱ्यांना खरे तर हाताशीच होती.

आता सलग 20 विजयांकडे येऊ. कथेत या मालिकेचे प्रतीक म्हणून विसावा सामना सांगितला जातो, आणि त्यात स्कॉट हॅटेबर्गचा वाटा निर्विवाद आहे. सप्टेंबर 4 रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध ओकलंड 11-0 ने पुढे होते, पाहुण्यांनी 11-11 अशी बरोबरी केली, आणि नवव्या इनिंगमध्ये बदली फलंदाज म्हणून आलेल्या हॅटेबर्गने होमरन मारून सामना जिंकून दिला. मात्र विसावा सामना येण्यासाठी आधी अठरावा आणि एकोणिसावा जिंकावा लागतो. सप्टेंबर 1 रोजी मिनेसोटाविरुद्ध ओकलंड शेवटच्या इनिंगमध्ये मागे होते आणि तेहादाच्या तीन धावांच्या होमरनने सामना 7-5 असा फिरला. दुसऱ्याच दिवशी कॅन्सस सिटीविरुद्ध त्याच तेहादाच्या शेवटच्या फटक्याने 7-6 असा विजय मिळाला. हे दोन सामने वगळून विसाव्याचे वर्णन करणारा निवेदक मालिका कशी टिकली हेच सांगत नाही. त्या 20 पैकी 8 विजय डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी या दोन संघांविरुद्ध होते आणि दोन्ही संघ त्या वर्षी 100 किंवा अधिक सामने हरले, ही बाबही नोंदवली पाहिजे. विक्रमाचे मोल त्याने कमी होत नाही, पण मालिका समजून घेताना ती डोळ्यांआड करता येत नाही.

नव्याने वेचलेले म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांतही घोळ आहे. जमिनीलगत हात नेऊन चेंडू फेकणारा चॅड ब्रॅडफर्ड हा डिसेंबर 2000 मध्येच ओकलंडकडे आला होता आणि 2001 मध्ये तिथे खेळलाही होता. जेरेमी जियांबी तर 2000 पासून संघात होता. 2001च्या बाद फेरीत यांकीजविरुद्ध होमप्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, तो बाद झाला तो प्रसंग बेसबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला आठवतो. शिवाय मे 2002 मध्येच त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले, तेव्हा ऑगस्टमधल्या विजयमालिकेत त्याचा सहभाग असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी जूनमध्ये आकडेवारी पाहून निवडलेल्या ज्या तरुणांची इतकी चर्चा होते, त्यांच्यापैकी कोणीही त्या हंगामात मुख्य संघाकडून खेळला नाही. त्यांच्यातला निक स्विशर मुख्य संघात पोहोचला तो 2004 मध्ये. नवे आलेल्यांत उरतात मुख्यतः हॅटेबर्ग आणि डेव्हिड जस्टिस. हॅटेबर्गची सरासरी .280 होती, म्हणजे हजारातल्या 280 संधींना यशस्वी फटका, आणि त्याने 15 होमरन मारल्या, जस्टिसने 11. हे उपयुक्त आकडे आहेत, पण 103 विजयांचा डोलारा त्यांच्यावर उभा राहत नाही.

जेसन जियांबी, जॉनी डेमन आणि जेसन इझ्रिंगहाऊझन हे तिघे मोठे खेळाडू 2001च्या हंगामानंतर संघ सोडून गेल्यावरही आकडेमोडीने त्यांची जागा भरून काढली, असाही एक दावा आहे. 2001 मध्ये ओकलंडने 884 धावा केल्या होत्या. 2002 मध्ये 800. फलंदाजीतली पोकळी भरली नव्हती, ती 84 धावांची होती. दिलेल्या धावा मात्र 645 वरून 654, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. आधीच्या वर्षी 102 विजय आणि या वर्षी 103, हे सातत्य पिचरांमुळे आले. संघ 2000 सालीही आपल्या गटात पहिला होता, त्यामुळे तो 2002 मध्ये राखेतून उठला असे म्हणण्यालाही आधार नाही.

मग इतका चांगला संघ इतका स्वस्त कसा, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर बेसबॉलच्या नियमांत आहे. मुख्य संघातली सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला मुक्तपणे दुसऱ्या संघाशी करार करता येत नाही, आणि त्यातली पहिली साधारण तीन वर्षे तर संघ त्याला किमान वेतनाच्या आसपास ठेवू शकतो. झिटो, मल्डर, हडसन, तेहादा आणि चावेझ हे सगळे एकाच वेळी या सहा वर्षांच्या काळात होते. मुदत संपत आली तशी खरी किंमत समोर आली. तेहादा 2003 नंतर बाल्टिमोरकडे गेला, 2004च्या डिसेंबरमध्ये हडसन आणि मल्डर यांना दुसऱ्या संघांकडे पाठवावे लागले, आणि झिटोने 2006 नंतर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी सात वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. कमी वेतनात राबलेल्या तरुण खेळाडूंमुळे झालेली बचत व्यवस्थापकाच्या कल्पकतेच्या खात्यात जमा करणे मला उचित वाटत नाही.

आकड्यांचे श्रेय मी नाकारत नाही. चार चुकीचे चेंडू सोडून फुकटात पहिला बेस मिळवणारा फलंदाज फटका मारून तिथे पोहोचणाऱ्याच्या जवळजवळ तितकाच मोलाचा असतो, आणि तेव्हाच्या बाजाराला त्याची पुरती जाणीव नव्हती, हे ओकलंडने नेमके ओळखले होते. कोपराच्या दुखापतीने यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा गमावलेल्या हॅटेबर्गला पहिल्या बेसवर उभे करण्याचा निर्णय याच विचारातून आला. हा विचारही 2002 मध्ये जन्मला नाही. बीन यांच्याआधीचे महाव्यवस्थापक सँडी अल्डरसन यांनी तो ओकलंडमध्ये रुजवला होता. तिन्ही पिचर महाविद्यालयांतून निवडले गेले, आणि महाविद्यालयीन खेळाडूंच्या नोंदी अधिक भरवशाच्या मानणे हाही त्याच विचाराचा भाग होता. मात्र तेहादासारख्या मुलाची कोणतीही नोंद उपलब्ध नव्हती. त्याला कोणीतरी मैदानावर जाऊन पाहावेच लागले. जाणकारांची नजर आणि आकडे या दोहोंनी मिळून बांधलेल्या संघाला जाणकारांविरुद्धच्या बंडाचे उदाहरण करण्यात आले आहे.

काही लेखांत ओकलंडने त्या वर्षी अजिंक्यपद मिळवल्याचेही सूचित केलेले असते. ते पद मिळवले त्याच गटात ओकलंडच्या मागे दुसऱ्या राहिलेल्या अ‍ॅनाहाइम एंजल्सने. ओकलंड पहिल्याच बाद फेरीत मिनेसोटाकडून 3-2 असे हरले. ऑक्टोबर 6 रोजी स्वतःच्या मैदानावरच्या पाचव्या सामन्यात मल्डरने सात इनिंगमध्ये दोनच धावा दिल्या, पण त्याच्या जागी आलेल्यांनी नवव्या इनिंगमध्ये आणखी तीन दिल्या. मार्क एलिसच्या तीन धावांच्या होमरनने 5-4 पर्यंत मजल गेली, आणि रे डरहॅमचा उंच उडालेला झेल पकडला गेला तेव्हा हंगाम संपला.