डोळे कधी उघडतील?

आज सकाळी एका कॉलेजातल्या मुलाने फोटो पाठवला. गिनी पिगची तीन पिल्लं, पहाटे झालेली. दोन चांगली टुणटुणीत. तिसरं पांढरंशुभ्र, कापसाच्या बोळ्यासारखं, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या बारीक रेघा. खाली प्रश्न: "ताई, याचे डोळे कधी उघडतील?"

उघडणार नाहीत रे बाबा. गिनी पिगचं पिल्लू म्हणजे उंदराचं किंवा मांजरीचं पिल्लू नव्हे. ते अंगावर केस, तोंडात दात आणि टक्क उघडे डोळे घेऊनच येतं आणि तासाभरात पळायला लागतं. जन्मल्यावर ज्याचे डोळे मिटलेले दिसतात, त्याला बहुतेक डोळेच नसतात. असले तरी मोहरीएवढे.

आईबापांचा फोटो मागवला. दोघंही रोन, म्हणजे रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेले, करडी झाक मारणारे. दोघं एकाच दुकानातल्या एकाच खोक्यातून आणलेले. दुकानदार म्हणाला होता, "भाऊ-बहीण आहेत, भांडणार नाहीत, जोडी मस्त जमेल."

जमली की.

इथे दोन वेगळे घोटाळे एकत्र झालेत आणि लोक त्यांना एकच समजतात, म्हणून आधी ते सोडवून सांगते. पांढरं, आंधळं पिल्लू हा निव्वळ इनब्रीडिंगचा, म्हणजे जवळच्या नात्यात जोडी लावण्याचा, दोष नाही. रोन किंवा डाल्मेशियन (पांढऱ्या अंगावर रंगीत ठिपके) दिसायला एका जनुकाची एक प्रत पुरते. दोन प्रती एकाच पिल्लात आल्या की ते पांढरं होतं, डोळे नसतात किंवा अर्धवट असतात, बहुतेकदा ऐकू येत नाही, दात वेडेवाकडे येतात. रोनला रोन लावला की दर पिल्लामागे चारात एक अशी ही शक्यता. नर नाशिकचा आणि मादी नागपूरची असली, सात पिढ्यांत नातं नसलं, तरी चारात एकच. तेव्हा "ताई, नवीन रक्त आणलंय, आता काळजी नाही" असं रोनच्या बाबतीत मला कुणी सांगू नका. यावर एकच उपाय, रोनला कायम एकरंगी जोडीदार द्यायचा. एकरंगी म्हणजे पोटाखाली, काखेत केस फुंकून बघितलेला. कधीकधी सगळा रोनपणा पोटावरच्या पाचदहा पांढऱ्या केसांत लपलेला असतो. पांढऱ्या किंवा हिमालयन (अंग पांढरं, नाक-कान-पाय गडद) जनावरात तर तो दिसतच नाही, म्हणून रोनच्या ओळीत पांढरा जोडीदार घ्यायचाच नाही.

दुसरा घोटाळा मात्र भाऊ-बहिणीचाच. त्या खोक्यात एक रोन होता म्हणजे त्याची भावंडंही रोन असण्याची शक्यता निम्मी. जोडी घरातल्या घरात लावली की रोनला रोन मिळणं अवघड राहत नाही. हे एक जनुक अंगावर दिसतं तरी. जी दिसत नाहीत त्यांचं काय?

परवाच तुळशीची लग्नं लागली, आता माणसांची सुरू होतील. पत्रिका, देवक, गोत्र सगळं विचारतील. आणि हेच लोक घरी येऊन खोक्यातली भाऊ-बहीण जोडी एका पिंजऱ्यात टाकतील. (मामाची मुलगी चालते ना, असं कमेंटमध्ये येणार आहे, माहीत आहे. चालते. इनब्रीडिंगचा आकडा म्हणजे आई आणि बाप दोघांकडून एकाच पूर्वजाच्या जनुकाची तीच प्रत मिळण्याची शक्यता. मामे-आते भावंडांच्या मुलांचा तो ६.२५ टक्के येतो आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांचा २५. चौपट फरक आहे. शिवाय मामाच्या मुलीचं लग्न दर तीन महिन्यांनी होत नाही.) गोत्र फक्त बापाकडून मोजतात. इथे दोन्हीकडून मोजावं लागतं, आणि ते अजिबात अवघड नाही. आईकडून आणि बापाकडून वर चढत जा, दोघांना सामाईक असलेला पूर्वज शोधा. बापापासून त्याच्यापर्यंत किती पायऱ्या, आईपासून किती, त्यांची बेरीज अधिक एक. तितक्या वेळा १ या आकड्याचं निम्मं करत जायचं. सावत्र भावंडं लावली तर एक अधिक एक अधिक एक, म्हणजे तीनदा निम्मं, १२.५ टक्के. सख्ख्यांना सामाईक पूर्वज दोन, आई आणि बाप, म्हणून १२.५ दोनदा. झालं.

हे गणित आलं कुठून माहितीये? गिनी पिगवरूनच. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०६ साली गिनी पिगच्या भावा-बहिणींच्या जोड्या लावून कुळं चालवायला सुरुवात केली. १९१५ मध्ये सीवॉल राइट हा जनुकशास्त्रज्ञ तिथे आला, वर्षानुवर्षांच्या नोंदी उलगडत बसला आणि १९२२ मध्ये त्याने हा इनब्रीडिंगचा आकडा मांडला. त्या कुळांचं काय झालं? वेताला पिल्लं कमी, जन्मवजन कमी, मेलेली पिल्लं जास्त, रोगाला टिकाव कमी. बरीच कुळं वाटेतच संपली. एका कुळात मागच्या पायाला तीनऐवजी चार बोटं यायला लागली. प्रत्येक कुळ आपापल्या पद्धतीने बिघडलं, आणि दोन वेगळी कुळं एकत्र केली की पिल्लं पुन्हा धट्टीकट्टी.

हो, क्रमांक २ आणि १३ ची कुळं तगली आणि प्रयोगशाळांत अजून आहेत. मान्य. पण त्यांच्यामागे किती कुळं संपली ते आधी बघा, मग आपल्या बाल्कनीतल्या दोन पिंजऱ्यांना तो दाखला द्या.

आता ज्यांना खरंच लाइन करायची आहे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचं कुळ चालवायचं आहे, त्यांच्यासाठी. सगळ्यात मोठा गैरसमज असा की जास्त माद्या ठेवल्या की लाइन मोठी झाली. नाही होत. पिढीमागे इनब्रीडिंग किती वाढणार याचा ढोबळ हिशोब असा: एकाला नरांच्या आठपटीने भागा, एकाला माद्यांच्या आठपटीने भागा, बेरीज करा. एक नर आणि चार माद्या: १५.६ टक्के. त्याच एका नराखाली चोवीस माद्या आणा: १३ टक्के. वीस माद्यांचा चारा, भुसा, पिंजरे, आणि फायदा अडीच टक्के! तीन नर आणि बारा माद्या ठेवल्या तर ५.२. खर्च नरांवर करा. नर एकमेकांत भांडतात, प्रत्येकाला वेगळा पिंजरा लागतो, जागा जाते, सगळं कबूल. जागा नसेल तर लाइन करू नका, दोन माद्या पाळा, सुखाने राहा.

तीन गट करायचे, अ, ब, क. प्रत्येकात एक नर आणि तीन-चार माद्या, सुरुवातीला तिन्ही नर तीन वेगळ्या ठिकाणचे. मुली जन्मल्या त्याच गटात राहतात. मुलगे पुढे सरकतात, अ चा ब मध्ये, ब चा क मध्ये, क चा अ मध्ये. जुना बाप बाहेर, नाहीतर तो स्वतःच्या मुलींना लागणार. पुढच्या पिढीसाठी प्रत्येक बापाचा एक मुलगा आणि प्रत्येक आईची एक मुलगी ठेवायची. सगळ्यात देखण्या नराचेच चार मुलगे ठेवायचा मोह होतो, तिथेच लाइन बसते. उलटी चूकही असते. पेरूमध्ये हे जनावर खाण्यासाठी स्वयंपाकघरात पाळतात. तिथे जाडजूड नर आधी विकला किंवा कापला जातो आणि मागे राहिलेला किरकोळ नर पुढच्या पिढीचा बाप होतो. आपल्याकडे कापत नाहीत, पण छान पिल्लू आधी विकलं जातं. फरक काय?

घड्याळ तर पाळावंच लागतं. नर पिल्लू २१ दिवसांचं झालं की आईपासून आणि बहिणींपासून वेगळं, त्या दिवशीच. "अजून लहान आहे" म्हणत महिना काढला तर बहीण गाभण राहू शकते आणि वहीतला बाप खोटा ठरतो. मादीचं पहिलं वेत लावायचं ते चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान. त्यानंतर ओटीपोटाचं हाड जुळून घट्ट होतं आणि पहिल्या वेताला पिल्लू अडतं. म्हणजे ब गटाची मुलगी सहा महिन्यांची झाली आणि तिच्यासाठीचा नर अजून यायचाय, असं झालं की संपलं. तिला लाइनमधून काढायचं. "थोडी थांबते" असं म्हणता येत नाही. इनब्रीडिंगने वेत एका पिल्लावर आलं की तेही धोक्याचं, कारण एकुलतं पिल्लू पोटात मोठं वाढतं आणि अडतं.

नर लावला की ३५ दिवस ठेवायचा. माज साधारण १६ दिवसांनी येतो, त्यात दोन फेऱ्या बसतात. मग बाहेर. आणि आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीपासूनच नर लावणं थांबवा. गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे शेवटचे जड दिवस एप्रिल-मेच्या उन्हात येतात आणि पुण्यातसुद्धा माद्या जातात.

वही ठेवा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. जन्मवजन, सातव्या दिवशीचं, एकविसाव्या दिवशीचं, आई, बाप, किती जिवंत, किती मेलेली. मेलेलं पिल्लूसुद्धा लिहायचं, तेच तर सगळ्यात आधी सांगतं. वेत तीन-चारवरून दीड-दोनवर घसरलं, जन्मवजन साठ ग्रॅमच्या खाली यायला लागलं, एकाच गटात दातांच्या तक्रारी दोनदा आल्या, की तो गट थांबवा. दात चाऱ्यानेही बिघडतात, हेही आहे. पण भरपूर गवत खाणाऱ्या तीन भावंडांचे बिघडले तर चाऱ्याला दोष देऊ नका. सॅटिन, म्हणजे चमकदार केसांच्या, लाइनवाल्यांनी तर हाडांकडेही बघा. चमक ज्या जनुकाने येते त्याच्यासोबत हाडं ठिसूळ होण्याचा आजार येतो, कितीही नवीन रक्त आणा.

बाहेरचा नर आणलात तरी आधी तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज आणि गजकर्ण याच वाटेने येतात. आणि विकणाऱ्याला त्याच्या आईबापांचे फोटो मागा. दिले नाहीत तर तो नर नवीन रक्त आहे की तुमच्याच मादीचा चुलतभाऊ, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सकाळी मी त्या मुलाला जरा तोडूनच बोलले. दुपारी त्याचा पुन्हा मेसेज आला, पांढऱ्याचं वजन ५८ ग्रॅम, बाकीची ८४ आणि ९१, तिघांची नावं आणि वेळ लिहून. वही केलीये त्याने. पांढरं आईला धरून पितंय, बाकीच्या दोघांच्या मधे घुसून झोपतंय. तेव्हा चूक त्याची नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याने खोकं विकलं.

त्याला लिहिलंय: पांढऱ्याचे दात उद्याच डॉक्टरांना दाखव, नीट चावता येत नसेल तर पुढचा निर्णय त्यांच्यासमोर घे, घरी नुसते दिवस ढकलत बसू नकोस. चावता येत असेल तर पाण्याची बाटली आणि चाऱ्याची जागा कधी बदलू नकोस, आंधळ्याला घर पाठ होतं. पिंजऱ्यावर टकटक करू नकोस, हात आधी नाकासमोर धर. आईला क जीवनसत्त्व रोज, शिमला मिरचीचा तुकडा, पेरूची फोड, कोथिंबीर, आणि दूध पाजतेय तोवर लसूणघासही चालेल. बाकी दोघांची पोटं फुंकून बघ आणि रोन आहे की नाही ते वहीत लिही. आणि नर आत्ता, या क्षणी वेगळा काढ.

"नर आत्तापर्यंत तिथेच होता का?" असंही विचारलं.

होता. मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. पहाटे व्याली, त्याने नर काढला दुपारी तीनला. वहीत पुढची तारीख मीच त्याला घालायला सांगितली: आजपासून ५९ ते ७२ दिवस, संक्रांतीच्या मागेपुढे. नर रोन, मादी रोन, सख्खी भावंडं.