दम्याच्या मुलाची व्हिडिओवरील फेरतपासणी खरोखरच धूळफेक आहे का?

पालकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. दम्याचा झटका येऊन कॅज्युअल्टीत न्यावे लागलेल्या मुलाची फेरतपासणी व्हिडिओ कॉलवर करणे ही निव्वळ धूळफेक आहे, असे त्याचे म्हणणे. कारणे चार दिली आहेत: स्टेथोस्कोप लावल्याशिवाय दमा कळत नाही, वाफ देऊन घरी सोडले म्हणजे मूल बरे झालेलेच असते, फोनच्या नादात रुग्णालय गाठायला उशीर होतो, आणि या पद्धतीचा उपयोग कोणीही सिद्ध केलेला नाही. यांतला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

आधी दुसरा मुद्दा घेतो, कारण मूळ गैरसमज तिथेच आहे. कॅज्युअल्टीत सालब्युटामॉल या औषधाची वाफ दिली की आवळलेल्या श्वासनलिकांचे स्नायू सैल पडतात आणि थोड्याच वेळात मूल मोकळा श्वास घेऊ लागते. परंतु नलिकांच्या आतल्या अस्तराची सूज त्या वाफेने उतरत नाही. तिच्यासाठी काही दिवस पोटातून स्टिरॉइड द्यावे लागते आणि बहुतेक मुलांना त्यानंतर कित्येक महिने कमी मात्रेच्या स्टिरॉइडचा पंप रोज घ्यावा लागतो. धाप थांबली की घरच्यांना हायसे वाटते आणि नेमका हाच रोजचा पंप कपाटात जातो. ‘पंपाची सवय लागते’ असे बजावणारे कोणीतरी शेजारीपाजारी असतेच. म्हणूनच ‘गिना’ या दम्यावरील जागतिक मार्गदर्शिकेत झटक्यानंतर मुलांची फेरतपासणी एक-दोन कामकाजाच्या दिवसांत करावी, असे सांगितले आहे. एवढ्या लवकर पुन्हा मजुरी बुडवून, एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी येणे किती जणांना जमते? अनेक घरांपुढे खरा पर्याय व्हिडिओवरची तपासणी की कसलीच तपासणी नाही, एवढाच उरतो.

आता स्टेथोस्कोप. छातीतली घरघर फोनवर नीट ऐकू येत नाही, हे खरे आहे. मात्र घरघर हा तीव्रतेचा भरवशाचा मापदंडही नाही. अतिशय गंभीर झटक्यात हवाच आत-बाहेर होत नसल्यामुळे छाती शांत होते आणि ती शांतता सर्वांत धोक्याची असते. उलट, सदरा काढून मुलाला उजेडात बसवले तर श्वासांची मिनिटाची संख्या मोजता येते, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते का, मानेचे स्नायू ताणले जातात का, मूल एका दमात पूर्ण वाक्य बोलते का, हे सगळे पडद्यावर दिसते. रात्री खोकल्याने जाग येते का, खेळताना मूल थांबते का, या प्रश्नांना तर कोणतेच उपकरण लागत नाही.

शिवाय फेरतपासणीत पाहायची एक गोष्ट दवाखान्यापेक्षा घरीच अधिक चांगली दिसते: औषध प्रत्यक्षात कसे दिले जाते. ‘पंप दोन वेळा देतो’ असे आई सांगते, आणि द्यायला सांगितले की कॅमेऱ्यात वेगळेच दिसते. पंप न हलवताच स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्या मधल्या पोकळ नळीला) लावला जातो, दोन्ही फवारे एकापाठोपाठ सोडले जातात, मास्क गालापासून बोटभर दूर राहतो आणि रडणाऱ्या मुलाच्या तोंडात जवळजवळ काहीच जात नाही. पंप हलवून घ्यावा, एका वेळी एकच फवारा सोडावा, मास्क घट्ट धरून पाच-सहा श्वास मोजावेत आणि मग दुसरा द्यावा, हे तिथल्या तिथे करून घेता येते. फोन जरा फिरवला तर खाटेखालची धुमसती डासांची कॉइल आणि भिंतीची ओल हीदेखील दिसते. दवाखान्यात विचारले तर ‘घरात धूर नाही’ असेच उत्तर येते, तेही अगदी प्रामाणिकपणे.

उशीर होतो या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येईल. भारतात २५ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रत्यक्ष उपचार उपलब्ध असताना आपत्कालीन स्थितीत दूरसल्ल्यावर विसंबायचे नाही, आणि अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक आहे. ओठ निळे पडले, मूल बोलू शकत नसेल, मलूल झाले किंवा पंप देऊनही धाप उतरत नसेल, तर व्हिडिओ लावत बसायचे नाही. १०८ ला फोन करायचा.

पुरावा नाही, हे तर साफ चुकीचे आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात ३ ते १० वर्षांच्या ४०० मुलांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला शाळेच्या दिवशी शाळेतच देखरेखीखाली रोजचे औषध दिले गेले आणि डॉक्टरांनी दूरचित्राद्वारे पाठपुरावा केला. दम्यासाठी आपत्कालीन विभागात किंवा रुग्णालयात जावे लागलेल्या मुलांचे प्रमाण या गटात ७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १५ टक्के. त्रासमुक्त दिवसांतला फरक मात्र माफक होता: दोन आठवड्यांत सरासरी ११.६ विरुद्ध सुमारे ११. हे श्रेय एकट्या पडद्याचे नाही. डोळ्यांदेखत दिलेल्या औषधाचाही त्यात वाटा आहे. कॅन्सस सिटीतील २०१६ च्या अभ्यासातही सहा महिन्यांनंतर दूरसल्ला प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी पडला नव्हता, परंतु तिथे मुलाशेजारी प्रशिक्षित साहाय्यक आणि डिजिटल स्टेथोस्कोप होता.

तक्रार करायचीच असेल तर ती इथे करावी. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर रांगेत जो डॉक्टर मोकळा असेल तो समोर येतो, आणि त्याला मुलाचे डिस्चार्ज कार्ड ठाऊक नसते. ज्यांनी झटक्यात उपचार केले त्यांच्याच चमूने ठरलेल्या दिवशी फोन करावा, आणि गावाकडे आशाताई किंवा परिचारिका मुलाजवळ बसावी, अशी मागणी त्या संदेशात असती, तर तो पुढे पाठवायला माझी हरकत नव्हती.